पोर्ट्रेट फोटोतील टॅनच्या रेघा आणि त्वचेचा मूळ रंग

रोज दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या माणसाच्या दंडावर बाही संपते तिथे एक रेघ असते, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा फिकट ठसा असतो, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आपली खूण ठेवतो आणि पावलांवर चपलेचे पट्टे उमटलेले असतात. प्रत्यक्ष भेटीत याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही, कारण समोरचा माणूस हालचाल करीत असतो, प्रकाश बदलत असतो आणि आपण त्याच्या चेहऱ्याकडे व बोलण्याकडे पाहत असतो. फोटोत मात्र हात स्थिर असतो, फ्लॅशचा प्रकाश सपाट पडलेला असतो आणि पाहणाऱ्याला हवा तितका वेळ मिळतो. त्यामुळे लग्नाच्या अल्बममध्ये पैठणीवरच्या ब्लाउजच्या बाहीखाली दिसणारी ती रेघ दागिन्यांच्याही आधी डोळ्यांत भरते.

ही रेघ एडिटिंग करताना कशी सौम्य करावी, हे या लेखात समजावून घ्यायचे आहे. काम वरवर सोपे वाटते: फिकट भाग थोडा गडद करावा किंवा गडद भाग थोडा उजळावा, की झाले. प्रत्यक्षात तसे केले की हात राखी दिसू लागतो, नारिंगी दिसू लागतो किंवा रबरी हातमोजा घातल्यासारखा दिसतो. असे का होते हे त्वचेच्या आणि डोळ्यांच्या स्वभावात दडलेले आहे, म्हणून आधी तिकडे वळणे आवश्यक आहे. एक भूमिका मात्र सुरुवातीलाच स्पष्ट करतो. दोन रंगांमधली रेघ सौम्य करणे हे या कामाचे क्षेत्र आहे. माणसाला गोरे करणे हे त्यात बसत नाही, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे तांत्रिक कारणेही याच भूमिकेच्या बाजूने उभी राहतात.

त्वचा रापते तेव्हा रंगात नेमके काय बदलते

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराच्या तळाशी मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, तयार करणाऱ्या पेशी असतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचे दोन प्रकार जमिनीपर्यंत पोहोचतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण ‘यूव्हीए’ म्हणून ओळखले जातात आणि ते त्वचेत आधीपासून असलेल्या मेलॅनिनमध्ये रासायनिक बदल घडवून ते काही मिनिटांतच गडद करतात. हा परिणाम बराचसा तात्पुरता असतो. त्याहून कमी तरंगलांबीचे ‘यूव्हीबी’ किरण पेशींना नवे मेलॅनिन बनवायला लावतात, आणि तो रंग दोन-तीन दिवसांनी वर दिसू लागतो. त्वचेचा वरचा थर झडून नवा येण्यास काही आठवडे लागतात, म्हणून रापलेपणाही हळूहळूच उतरतो. लग्नाच्या आठ दिवस आधी उन्हात फिरणे थांबवले तरी रेघ फोटोत येतेच, ती यामुळे. यूव्हीए किरण साध्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात, आणि आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने रोज चारचाकी चालवणाऱ्याचा उजवा हात डाव्यापेक्षा अधिक रापलेला असतो. दोन्ही हात समोर जोडून काढलेल्या फोटोत हा फरक स्पष्ट कळतो.

एडिटिंगच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की मेलॅनिन सगळ्या रंगांचा प्रकाश सारख्या प्रमाणात शोषत नाही. निळा प्रकाश ते सर्वाधिक शोषते, हिरवा त्याहून कमी आणि लाल सर्वांत कमी. म्हणून रापलेली त्वचा फक्त गडद होत नाही. ती पिवळसर तपकिरी रंगाकडे सरकते आणि तिच्या रंगाची तीव्रताही वाढते. उन्हाने भाजलेल्या त्वचेची गोष्ट वेगळी आहे. तिथे रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तातील हिमोग्लोबिन प्रामुख्याने हिरवा-पिवळा प्रकाश शोषते, त्यामुळे त्वचा लालसर दिसते. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवस घालवून संध्याकाळी काढलेल्या फोटोत खांद्यावर बहुधा ही लाली असते, आणि तीन-चार दिवसांनी त्याच जागी तपकिरी रंग येतो. दोन्हींवरचा उपाय सारखा असू शकत नाही.

रंग मोजण्याची ‘लॅब’ ही पद्धत आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९७६ मध्ये निश्चित केली. तिच्यात उजळपणा एका अंकाने, हिरव्या-लाल दिशेचा कल दुसऱ्याने आणि निळ्या-पिवळ्या दिशेचा कल तिसऱ्याने सांगितला जातो. त्वचा रापली की पहिला अंक खाली येतो आणि तिसरा साधारणतः पिवळ्याकडे जातो; भाजली की दुसरा अंक लालकडे सरकतो. एडिटिंग करणाऱ्याने फोटोवर काम सुरू करण्याआधी समोरचा फरक यांपैकी कोणत्या दिशेचा आहे हे ओळखले, तर पुढची निम्मी चाचपड वाचते.

हे आकड्यांत पाहू. फोटोतील लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण ० ते २५५ या अंकांत मोजतात. समजा एका हातावर घड्याळाच्या पट्ट्याखालची फिकट त्वचा लाल १९०, हिरवा १४८ आणि निळा १२२ अशी मोजली गेली, आणि शेजारची रापलेली त्वचा लाल १५०, हिरवा १०५ आणि निळा ७८ अशी. फिकट भागापासून रापलेल्या भागापर्यंत जाताना लाल सुमारे २१ टक्के, हिरवा २९ टक्के आणि निळा ३६ टक्के उतरला आहे. आता कुणी फिकट पट्टा सरसकट २८ टक्क्यांनी गडद केला, तर हाती येईल १३७, १०७ आणि ८८. उजळपणा जवळपास जुळला, पण लाल कमी पडला आणि निळा जास्त राहिला. डोळ्यांना हा पट्टा राखी, आजारी दिसतो. उलट दिशेने रापलेला भाग त्याच पद्धतीने दीडपटीच्या किंचित आत, म्हणजे १.४ पटीने उजळला, तर २१०, १४७ आणि १०९ असा रंग मिळतो, आणि तो उघडच नारिंगी असतो. बाजारात दिसणाऱ्या कितीतरी अल्बममधील नारिंगी दंड आणि राखी मनगटे या साध्या गणितातून आलेली आहेत.

डोळा नेमके काय पकडतो

रंगातील फरकापेक्षा तो फरक किती अंतरात घडतो, याला आपली दृष्टी अधिक महत्त्व देते. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये असे दाखवले की उजळ आणि गडद भाग जिथे भेटतात तिथे आपली दृष्टी तो फरक वाढवून दाखवते: उजळ बाजू कडेजवळ आहे त्याहून उजळ भासते आणि गडद बाजू आहे त्याहून गडद. याची दुसरी बाजू आपल्या कामाची आहे. तोच फरक पुरेशा लांब अंतरावर हळूहळू पसरवला, तर तो जवळजवळ जाणवतच नाही. कोणाचाही हात खांद्यापासून मनगटापर्यंत नीट पाहिला तर दोन्ही टोकांचा रंग वेगळा असतो, पण त्या वेगळेपणाला आपण कधी दोष मानत नाही, कारण मध्ये कुठेही रेघ नसते.

यातून कामाची दिशाच बदलते. संपूर्ण दंड आणि संपूर्ण हात एका रंगाचा करण्याची गरज उरत नाही. बाहीच्या कडेला बोटभर अंतरात झालेली उडी दंडापासून कोपराच्या खालपर्यंत पसरवली की काम होते, आणि माणसाचा वरचा फिकट रंग व खालचा रापलेला रंग दोन्ही जवळपास जसेच्या तसे राहतात. माझ्या मते या विषयात नव्याने काम करणाऱ्याने शिकण्यासारखी ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. सॉफ्टवेअरमधील साधने त्यानंतर येतात.

कोणती बाजू हलवायची

दोन रंग समोर असताना कोणता योग्य मानायचा, हा प्रश्न तांत्रिक कमी आणि विवेकाचा अधिक आहे. आपल्याकडे त्याचे उत्तर न विचारताच दिले जाते: फिकट तो खरा, रापलेला तो दोष. या समजुतीला फोटोग्राफीच्या इतिहासानेही हातभार लावला आहे. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांतील छपाई यंत्रे जुळवण्यासाठी कोडॅककडून जी संदर्भचित्रे येत, त्यांत गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे. ती चित्रे ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखली जात, आणि अनेक वर्षे त्वचेचा ‘बरोबर’ रंग म्हणजे तो चेहरा, असेच धरले गेले. पुढे मापे सुधारली. त्वचारोगतज्ज्ञ वापरतात ती फिट्झपॅट्रिक श्रेणी मूळ १९७५ मधली आणि आज सहा प्रकारांची आहे, तर समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी तयार केलेली आणि गूगलने २०२२ मध्ये खुली केलेली श्रेणी दहा छटांची आहे. तरीही पोर्ट्रेटसाठी मला कोणतीही श्रेणी हा योग्य आधार वाटत नाही. आधार एकच असावा, आणि तो म्हणजे त्याच व्यक्तीच्या त्याच फोटोतील त्वचा, तीही बहुतेक वेळा चेहऱ्याची, कारण माणूस स्वतःला चेहऱ्याच्या रंगावरून ओळखतो.

तंत्राचा कौलही याच बाजूने आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निळ्या रंगाची माहिती साधारणपणे सर्वांत कमी आणि सर्वांत खरखरीत (दाणेदार) असते, आणि रापलेल्या त्वचेत नेमका निळाच कमी असतो. ती त्वचा उजळायची म्हणजे हा क्षीण निळा ओढून वर आणायचा. त्याबरोबर खरखरही वर येते आणि जेपेग फाइल असेल तर रंगाचे ठोकळे व पायऱ्या दिसू लागतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या माहितीत, १२ बिटला ४,०९६ आणि १४ बिटला १६,३८४. त्यामुळे रॉ फाइलवर ही ओढाताण थोडी अधिक सोसवते, एवढेच. फिकट भाग गडद करताना असे काही होत नाही, कारण तिथे माहिती भरपूर असते आणि आपण ती खाली आणत असतो. म्हणून घड्याळाचा पट्टा, अंगठीची खूण, हेल्मेटच्या पट्ट्याची रेघ, चपलेचे पट्टे यांसारख्या लहान फिकट जागांना शेजारच्या रापलेल्या त्वचेशी जुळवून घेणे हा जवळजवळ नेहमीच उत्तम मार्ग ठरतो. फिकट भाग मोठा असेल, उदाहरणार्थ बाही नसलेल्या ब्लाउजमध्ये संपूर्ण दंड उघडा असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे लांब उतार तयार करावा आणि दोन्ही बाजूंना थोडे थोडे हलवावे.

मनगटावरचा एक पट्टा, सुरुवातीपासून

आता वरच्या उदाहरणातील मनगटाचे काम क्रमाने करून पाहू. फोटोचा व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेली रंगांची जुळणी) आधी ठीक करून घ्यावा, कारण संपूर्ण फोटोच पिवळा असेल तर त्वचेवरचे प्रत्येक मोजमाप फसवे ठरते. शूटच्या वेळी राखाडी कार्ड धरून एक फोटो घेतलेला असेल तर हे काम क्षणात होते. त्यानंतर फोटोशॉपमध्ये रंग उचलण्याचे साधन घ्यावे, पण ते एकाच पिक्सेलचा रंग मोजणार नाही याची काळजी घ्यावी. ३१ बाय ३१ पिक्सेलची सरासरी निवडली की रोमछिद्रे आणि लव यांचा परिणाम निघून जातो. फिकट पट्ट्याच्या मधोमध एक आणि रापलेल्या भागात, पट्ट्याच्या अगदी शेजारी नव्हे पण त्याच उजेडात असलेल्या जागी, दुसरे मोजमाप घ्यावे. उजेड सारखा असणे येथे फार महत्त्वाचे आहे. मनगट गोल असते आणि त्याच्या वळणावर सावली सुरू झालेली असली तर आपण रापलेपणा मोजत नसून सावली मोजत असतो.

मग मूळ फोटोला न छेडता वर कर्व्हचा समायोजन थर घालावा; कर्व्ह म्हणजे रंगाचे जुने अंक नव्या अंकांत बदलणारी रेषा. एकत्रित कर्व्हला हात न लावता लाल, हिरवा आणि निळा हे तीन कर्व्ह वेगवेगळे उघडावेत आणि प्रत्येकात एकच बिंदू ठेवावा: लालमध्ये १९० चा १५०, हिरव्यात १४८ चा १०५, निळ्यात १२२ चा ७८. या क्षणी संपूर्ण फोटो गडद आणि पिवळसर होईल, तिकडे लक्ष देऊ नये. फिकट पट्टा मात्र शेजारच्या रंगाला पोहोचलेला दिसेल. कर्व्हची दोन्ही टोके जागच्या जागी असल्याने पट्ट्यातील सावलीचा भाग त्याच्या प्रमाणात आणि चकाकीचा भाग अगदी थोडा बदलतो. हे योग्यच आहे, कारण त्वचेवरची चकाकी वरच्या पृष्ठभागावरून परत आलेला प्रकाश असते. तो मेलॅनिनपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे रापलेल्या आणि न रापलेल्या त्वचेची चकाकी सारखीच पांढरी दिसते. तरीही चकाकी मळकट दिसू लागली तर थराच्या ‘ब्लेंड इफ’ पर्यायातून सर्वांत उजळ भाग वगळावा.

यानंतर थराचा मास्क, म्हणजे थराचा परिणाम कुठे दिसावा हे ठरवणारा पडदा (काळा भाग झाकतो, पांढरा उघडतो), काळा करून कर्व्हचा परिणाम पूर्णपणे झाकावा आणि तो फक्त पट्ट्यापुरता उघडावा. मऊ कडेचा ब्रश, पाच ते दहा टक्के फ्लो (ब्रशमधून एका वेळी उतरणारा रंग) आणि संयम, एवढ्यावर हे काम हाताने होते. पण मास्क तयार करण्याची याहून चांगली युक्ती फोटोतच उपलब्ध असते. निळ्या चॅनेलमध्ये (फोटोतील फक्त निळ्या रंगाच्या प्रतिमेत) मेलॅनिनचा फरक सर्वांत ठळक दिसतो, म्हणून त्या चॅनेलची प्रत काढावी, लेव्हल्स हे उजळ-गडद भाग ताणणारे साधन वापरून फिकट पट्टा पांढरा आणि रापलेला भाग काळा होईल इतका तिचा कॉन्ट्रास्ट वाढवावा, रोमछिद्रे विरघळतील इतके थोडेसे ब्लर द्यावे, आणि पट्ट्याबाहेरचे सगळे काळ्याने रंगवून तीच प्रत मास्क म्हणून वापरावी. असा मास्क खऱ्या रेघेच्या कडेप्रमाणेच उतरतो.

कड जुळणे हाच या कामाचा गाभा आहे. घड्याळाचा पट्टा हातावर घट्ट बसलेला असल्याने त्याची कड बऱ्यापैकी रेखीव असते, तर बाही दिवसभर वर-खाली सरकत असल्याने तिची कड बोटभर रुंदीची आणि विरळ असते. मास्कची कड खऱ्या कडेपेक्षा मऊ ठेवली तर पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक फिकट दोरा उरतो आणि बाहेरच्या बाजूला नवा गडद दोरा तयार होतो. एका रेघेच्या जागी दोन रेघा होतात. मास्कची कड जास्त तीक्ष्ण ठेवली तर शिवण दिसते. कडेला थोडे काहीतरी उरले असे वाटले, तर मास्क परत परत घासण्याऐवजी आणखी एक कर्व्ह थर घेऊन त्या दोऱ्यापुरती स्वतंत्र दुरुस्ती करणे सोयीचे असते. हातावरची लव या रेघेला आडवी ओलांडून जाते, आणि या पद्धतीत ती शाबूत राहते, कारण प्रत्येक पिक्सेल आहे तिथेच राहून फक्त आपला रंग बदलतो. काहीही पुसले, ओढले किंवा दुसरीकडून आणून चिकटवलेले नसते.

काम झाल्यावर तपासणीसाठी सर्वांत वर दोन तात्पुरते थर घालावेत. पहिला फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवणारा असावा. त्यात उजळपणातील उरलेली उडी दिसते. दुसरा रंगाची तीव्रता भरपूर वाढवणारा असावा; त्यात राखी किंवा नारिंगी डाग उघडे पडतात. नंतर हे दोन्ही थर काढून टाकावेत आणि फोटो लहान करून, हाताच्या अंतरावरून पाहावा. दोनशे टक्के मोठा करून दिसणारी प्रत्येक छटा घालवण्याचा मोह टाळायला हवा, कारण निरोगी त्वचा कधीच एका रंगाची नसते. बोटांची पेरे, कोपर आणि मनगटाची घडी गडद असायलाच हवी.

फोटोशॉप नसेल तर गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये थराची प्रत काढून, त्या प्रतीवर तिन्ही कर्व्ह लावून आणि तिला काळा मास्क जोडून हेच काम होते.

टॅनसारखे दिसणारे, पण टॅन नसलेले

मराठी लग्नाच्या फोटोंत ही गफलत पावलोपावली होते. हळदीनंतर कातडीवर पिवळसर झाक राहते, आणि ती कानामागे, मानेच्या घडीत, नखांभोवती जास्त असते. हा रंग पिवळ्या दिशेला असल्याने टॅनचा भास होतो, पण त्यात गडदपणा जवळजवळ नसतो. म्हणून तेथे कर्व्हने उजळायला गेल्यास त्वचा पिठासारखी होते. हळदीला फक्त पिवळ्या रंगाची तीव्रता थोडी कमी करणे पुरते. मेंदीची अडचण निराळी आहे. रंगाच्या आधारे निवड करणाऱ्या साधनांना मेंदीचा लालसर तपकिरी आणि रापलेल्या त्वचेचा तपकिरी यांतला फरक नीट कळत नाही, त्यामुळे त्वचा सुधारताना मेंदी फिकी पडते. नवरीच्या हातावर काम करताना मेंदी मास्कमधून काळजीपूर्वक वगळावी. हिरव्या चुड्याचा हिरवा रंग मनगटाच्या आतल्या बाजूवर पडतो, लाल शालूचा रंग हनुवटीखाली आणि दंडावर पडतो. हे परावर्तित रंग आहेत, ते फोटोला खरेपणा देतात, आणि फारच खुपत असतील तरच त्यांना सौम्य करावे. मुंडावळ्यांच्या सरींची कपाळावर व गालांवर पडणारी सावली तर कधीच पुसू नये.

सर्वांत अधिक प्रमाणात दिसणारी विसंगती मात्र उन्हाची नसून मेकअपची असते. चेहऱ्यावर दोन छटा फिकट फाउंडेशन लावलेले असते, मान आणि हात आपल्या रंगात असतात, आणि समोरच्या फ्लॅशने चेहरा आणखी उजळतो. अशा वेळी अल्बम करणारा अनेकदा हात चेहऱ्याइतके फिकट करत बसतो. मला हा मार्ग पटत नाही. अशा फोटोत चेहऱ्याला आधार मानता येत नाही. गळ्याखालची मेकअप नसलेली त्वचा आधार धरून चेहऱ्यालाच तिच्याकडे अर्ध्या वाटेपर्यंत आणावे. मुलगी स्वतःसारखी दिसते, दागिन्यांचे सोने उठून दिसते, आणि हातांना हातही लावावा लागत नाही.

इतर मार्ग आणि त्यांच्या मर्यादा

‘कलर’ या ब्लेंड मोडमधील (म्हणजे खालच्या फोटोचा फक्त रंग बदलणाऱ्या) रिकाम्या थरावर रापलेल्या त्वचेचा रंग मऊ ब्रशने भरणे ही जुनी आणि झटपट पद्धत आहे. तिच्याने रंग जुळतो, पण उजळपणा वेगळ्या थराने जुळवावा लागतो, आणि जास्त ओपॅसिटी (अपारदर्शकता) ठेवली तर त्वचेतील बारीक रंगभेद मरून सपाट पट्टा उरतो. ‘फ्रिक्वेन्सी सेपरेशन’ या पद्धतीत रंग एका थरात आणि पोत दुसऱ्या थरात वेगळा केला जातो, आणि मग रंगाच्या थरातील रेघ ब्लर केली जाते. लांब, विरळ कडांसाठी ती उपयोगी पडते, पण घड्याळासारख्या रेखीव कडेवर ती फिकट आणि गडद एकमेकांत मिसळून चिखल करते. कॅप्चर वन या सॉफ्टवेअरमध्ये त्वचेची रंगछटा, तीव्रता आणि उजळपणा तिन्ही एका निवडलेल्या रंगाकडे आणण्याची सोय आहे, आणि लाइटरूम हा दुसरा प्रोग्रॅम फोटोतील व्यक्ती ओळखून चेहऱ्याची व शरीराची त्वचा वेगवेगळी निवडून देतो. शेकडो फोटो हातावेगळे करायचे असतील तर ही साधने वरदान आहेत. मोबाइलमधील ‘ब्युटी’ फिल्टर मात्र या यादीत घेऊ नयेत; ते रेघ आणि माणसाचा रंग यांत भेद करत नाहीत आणि दोन्ही एकत्रच धुऊन काढतात. वर्णनावरून चित्र भरणाऱ्या नव्या एआय साधनांचाही हाच धोका आहे: मनगट निवडून रेघ काढायला सांगितले की ते पुष्कळदा नवेच मनगट रंगवून देतात, ज्यात तीळ नसतो, शिरा वेगळ्या असतात आणि लव नाहीशी झालेली असते.

हात लावण्याआधी

तीळ, जन्मखूण, जुन्या भाजल्याचा व्रण किंवा कोडाचे पांढरे डाग यांची गणती टॅनच्या रेघांत होत नाही. कोडामध्ये त्या जागी मेलॅनिनच नसते. तो डाग आपल्या मनाने पुसून टाकणे म्हणजे त्या व्यक्तीला न विचारता तिच्याविषयी निर्णय घेणे होय. विचारण्याचा प्रश्न साधा ठेवावा: ‘हातावरची ही रेघ ठेवू की सौम्य करू?’ असे विचारल्यावर माणसे मोकळेपणाने सांगतात. शेतात आयुष्य काढलेल्या आजोबांनी टोपी काढून फोटो काढून घेतला, तर त्यांच्या कपाळाच्या वरच्या भागात टोपीने झाकलेली फिकट पट्टी दिसते. ती रेघ त्यांच्या नातवंडांना ओळखीची असते, आणि त्यांनी स्वतः मागितल्याशिवाय ती काढावी असे मला वाटत नाही.

काही ठिकाणी हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. पासपोर्टसाठीच्या फोटोत संगणकावर केलेले असे बदल चालत नाहीत, आणि बातमीसाठी काढलेल्या फोटोत माणसाची त्वचा बदलणे हे पत्रकारितेच्या नीतीत बसत नाही. नॉर्वेमध्ये जुलै २०२२ पासून जाहिरातीतील व्यक्तीच्या शरीराचा आकार किंवा त्वचा एडिटिंगने बदललेली असेल, तर तसे चिन्ह फोटोवर छापणे कायद्याने बंधनकारक आहे.

छपाईचा भाग अखेरीस येतो, पण त्याचा विचार आधीपासून हवा. स्क्रीन स्वतः प्रकाश देतो, कागद फक्त परत पाठवतो, त्यामुळे अल्बममध्ये त्वचा स्क्रीनपेक्षा गडद येते आणि गडद तपकिरी छटा एकमेकींत मिसळतात. स्क्रीनवर अगदी हलका वाटणारा राखीपणा कागदावर मात्र चटकन दिसतो. म्हणून मॉनिटर कॅलिब्रेट करून (त्याचे रंग मापून जुळवून) घ्यावा, त्याची ब्राइटनेस खोलीतील उजेडाच्या मानाने ठेवावी, आणि छपाईच्या लॅबला फाइल पाठवताना तिचा रंगपट्टा कोणता हवा ते विचारून घ्यावे. बहुतेक लॅब एसआरजीबी हा प्रचलित रंगपट्टा मागतात. अल्बमच्या समोरासमोरच्या दोन पानांवर त्याच व्यक्तीचे फोटो येणार असतील, तर एकातला हात सुधारला आणि दुसऱ्यातला तसाच राहिला असे होऊ नये, म्हणून ती पाने संगणकावर शेजारी ठेवून दोन्हींतील मनगटाचे आकडे एकदा मोजून पाहावेत. संपूर्ण अल्बम छापायला देण्यापूर्वी सर्वांत अवघड फोटोची एक लहान प्रत त्याच कागदावर काढून घ्यावी, ती खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहावी, आणि पट्टा राखी दिसला तर निळ्या कर्व्हमधला तो एक बिंदू आणखी तीन-चार अंकांनी खाली आणावा.